स्क्रूचा पाव फेरा

याव्होर्निक गावात मिलिवॉय केझेलेच्या घराला एक कुलूप आहे आणि मागच्या शेडला तीन. घरात चोरण्यासारखं काही नाही, हे तो स्वतःच सांगतो. शेडमध्ये मात्र जुन्या यांत्रिक करवती आहेत. काही त्याच्याहून वयानं मोठ्या, काही इतक्या जड की उचलायला दोन माणसं लागतात. लोकांच्या गोठ्यांतून, उकिरड्यांतून, एकदा तर कोरड्या विहिरीतून त्यानं त्या बाहेर काढल्या, गंज खरवडला, नसलेले भाग स्वतः लेथवर कातून बसवले आणि त्यांना पुन्हा बोलतं केलं. एवढ्या गुणी माणसाला देवानं एक खोड दिली, ती म्हणजे संशय.

पंपावरचा पोरगा पेट्रोलात पाणी घालतो. शेजारणीच्या कोंबड्या आपोआप कुंपणाखालून येत नाहीत, ती त्यांना शिकवते. पाद्रीबाबा प्रवचनात लोभाबद्दल बोलले, तेव्हा त्यांनी याच्याच बाकाकडे पाहिलं. डॉक्टरकडे तो पाऊल टाकत नाही. "जे जातात त्यांनाच रोग निघतात. न जाणाऱ्यांना कधी निघाल्याचं ऐकलंयस?" असं तो नेवेन्काला विचारतो. नेवेन्का त्याची बायको. ती उत्तर देत नाही, आणि ती उत्तर का देत नाही याचाही त्याला संशय येतो.

त्याचं नाव झालं ते कानामुळे. जुन्या करवतीच्या कार्ब्युरेटरला एक बारीक स्क्रू असतो. तो आत पिळला की इंजिनाला पेट्रोल कमी मिळतं, बाहेर काढला की जास्त. वंगणाचं तेलही त्या पेट्रोलातच मिसळलेलं असतं, म्हणून ते कमी पडलं की इंजिन कोरडं पडतं, तापतं आणि पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. जास्त झालं तर नुसता धूर आणि भसाडा आवाज. नेमकी जागा या दोहोंच्या मधे कुठंतरी असते, आणि ती ऐकावी लागते. पूर्ण वेगात करवतीनं चूळ भरल्यासारखी किंचित गुरगुर करायला हवी, आणि लाकडात शिरताच तिचा गळा मोकळा व्हायला हवा. मिलिवॉय डोळे मिटून, मान तिरकी करून तो स्क्रू फिरवायचा. पार स्लोव्हेनियातून लोक डिकीत करवती टाकून यायचे आणि उस्तादाला हाक मारावी तसं म्हणायचे, "मायस्तोर, जरा कान लावा."

हा कान त्यानं जंगलात कमावला होता. सरकारी जंगल खात्यात तो आणि ब्लाझ माय्नारिच बीच जातीची झाडं पाडायचे. दोघांमध्ये एक करवत: इंजिन मिलिवॉयकडे, पलीकडची मूठ ब्लाझकडे. पुढे खात्यानं कानांवर घालायची टोपणं वाटली, तेव्हा मिलिवॉयनं ती खुंटीलाच टांगून ठेवली. झाड पडायच्या आधी कुरकुरतं, आणि ते ज्याला ऐकू येत नाही त्याची तिरडी निघते, असं तो म्हणायचा. ब्लाझनं मात्र टोपणं घातली. मूठ धरणाऱ्यानं ऐकायचं काम इंजिनवाल्यावर सोपवलेलंच असतं.

ब्लाझ त्याचा कूम. लग्नात शेजारी उभा राहिलेला, मुलीला, जास्नाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलेला. आमच्याकडे सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं तर लोक समजून घेतात, पण कूमशी बोलणं टाकलं तर चर्चमध्ये शेजारी कुणी बसत नाही. ब्लाझ रोज सकाळी यायचा, कॉफी प्यायचा, शेडमध्ये एका ओंडक्यावर बसायचा आणि फारसं काही न बोलता परत जायचा. आख्ख्या गावात मिलिवॉयचा संशय ज्याच्यावर कधी गेला नव्हता, असा हा एकटा माणूस.

यंदा वसंतात ब्लाझ खुब्याच्या ऑपरेशनसाठी रियेकाला गेला आणि काही आठवडे तिकडे बहिणीकडेच राहिला. त्याच दिवसांत मिलिवॉयच्या हातची एक करवत जाम झाली. मग दुसरी. दोन्ही उघडल्या तर पिस्टन धुराड्याच्या बाजूनं ओरबाडलेले.

"पेट्रोल," मिलिवॉय म्हणाला. "मी त्या पोराला पहिल्यापासून ओळखून आहे."

"त्याच पेट्रोलवर आपली गाडी चालते," नेवेन्का म्हणाली.

"गाडीत तो चांगलं भरतो. म्हणजे मला संशय येऊ नये."

ब्लाझ काठी टेकत परत आला. दोन्ही पिस्टन त्यानं हातात घेऊन बराच वेळ पाहिले, मिलिवॉय आणखी एका करवतीचा स्क्रू लावत होता तिकडे कान दिला आणि कॉफी अर्धी टाकून गेला. त्यानंतर एकही करवत जळली नाही. पण आता वेगळंच सुरू झालं. मिलिवॉय एखादी करवत नीट लावून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी सुरू केली की ती त्याला भसाडी वाटायची. पुन्हा पिळावा स्क्रू, पुन्हा तेच. शेवटी त्यानं एक युक्ती केली. स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर सुईनं एक सरळ ओरखडा काढला, स्क्रू हलला तर रेघ तुटावी असा. ब्लाझ कॉफी पिऊन गेल्यावर त्यानं भिंग लावून पाहिलं. रेघ तुटली होती.

मिलिवॉय ओंडक्यावर मटकन बसला. पंपावरच्या पोराबद्दल त्याला राग यायचा, कोंबड्यांबद्दल यायचा, पण हे राग येण्यासारखं नव्हतं. त्याला रडू येत होतं. आणि रडू येणाऱ्या संशयी माणसाचं डोकं फार जोरात चालतं. करवती जळल्या तेव्हा ब्लाझ इथं नव्हता, हे त्याला आठवलं. बरोबर! आपलं नाव येऊ नये म्हणूनच तो रियेकाला जाऊन बसला. माणूस त्यासाठी खुबा बदलून घेईल का, हा विचार त्याला शिवला नाही.

शेडमध्ये मधोमध 'अस्वल' होतं. हीच ती दोन माणसांची करवत, जिच्या दोन टोकांना या दोघांनी तारुण्य काढलं. खात्यानं भंगारात काढली तेव्हा मिलिवॉयनं ती उचलून आणली होती. मेरीमातेच्या सणानंतरच्या रविवारी चर्चमागच्या माळावर गाव जमतं, आणि दर वर्षी अस्वल बीचचा ओंडका कापतं, इंजिनापाशी मिलिवॉय, मुठीपाशी ब्लाझ. त्या करवतीचा पिस्टन आता कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि नवा ओतून द्यायला कुणी तयार नाही. अस्वल गेलं म्हणजे गेलं. सणाच्या आदल्या आठवड्यात मिलिवॉयनं त्याचा स्क्रू लावला, ओरखडा काढला आणि ब्लाझला म्हणाला, "बस, तळघरातून राकियाची बाटली आणतो."

तो तळघरात गेलाच नाही. लाकडं रचली होती त्यामागून फटीला डोळा लावून उभा राहिला. ब्लाझनं दाराकडे पाहिलं, खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि अस्वलावर वाकला.

"शाब्बास," मिलिवॉय दारात येऊन म्हणाला. "चालू दे कूम, चालू दे. मी आहे इथं, दिवा धरू का?"

ब्लाझ सरळ झाला. चोरासारखा लाल झाला होता.

"मिलिवॉय, ऐक..."

"काय ऐकू? माझ्या मीठभाकरीवर बसून माझंच इंजिन जाळतोस? कुणी सांगितलं तुला? त्या पंपवाल्यानं?"

"कुणी नाही. पण तू त्या स्क्रूला आता हात लावू नकोस. पाया पडतो."

"नीघ."

ब्लाझनं काठी घेतली आणि तो गेला. मिलिवॉयनं भिंग लावलं, तुटलेली रेघ पुन्हा जुळवली. मग अस्वल सुरू करून पाहिलं, तरी ते त्याला जरा घोगरंच वाटलं, म्हणून स्क्रू आणखी थोडा आत घेतला. रविवारपर्यंत शेडची किल्ली त्यानं झोपेतही गळ्यातून काढली नाही.

रविवारी माळावर सगळे आले. मुठीपाशी ब्लाझ नाही हे पाहून लोकांनी भुवया उंचावल्या, पण विचारलं कुणी नाही. खानावळवाला झ्वोन्को पुढं झाला आणि त्यानं मूठ धरली. अस्वल सुरू झालं. ओंडक्यात शिरलं. झ्वोन्कोनं तोंड वेडंवाकडं केलं आणि ओरडून काहीतरी म्हणाला, मिलिवॉयला वाटलं तो घाबरला. ओंडक्याच्या अर्ध्यावर अस्वल एकाएकी गप्प झालं. दोरी ओढली तर ओढली जाईना.

"ब्लाझनं केलं," मिलिवॉय सगळ्यांदेखत म्हणाला. "मी स्वतः पकडलाय त्याला."

घरी आणून त्यानं सिलिंडर उघडला, तेव्हा अजून ऊन होतं. पिस्टन धुराड्याच्या बाजूनं सोलून निघाला होता. नेवेन्का दारात उभी होती.

"काय म्हणत होता झ्वोन्को?" त्यानं विचारलं.

"बंद करा म्हणत होता. शिट्टीसारखी किंचाळत होती ती. बायकांनी कानांवर हात ठेवले."

"किंचाळत? ती तर घोगरी होती."

नेवेन्का त्याच्या जवळ आली आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलली. "तुला फोनची घंटा ऐकू येत नाही. तू म्हणतोस, टपाल खातं तार कापतं. जास्नाच्या पोरी बोलतात ते कळत नाही. तू म्हणतोस, तुझ्यापासून लपवून कुजबुजतात. मी आणखी काय सांगू?"

त्यानं भिंग उचललं आणि स्क्रूकडे पाहिलं. त्या दिवशी तुटलेली रेघ जुळवताना आपण स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला होता? आत. म्हणजे ब्लाझनं तो बाहेर काढला होता. प्रत्येक वेळी बाहेरच, पाव फेरा. इंजिन जाळायचं असतं तर तो आत पिळायला हवा होता, हे दाढी न फुटलेल्या शिकाऊ पोरालाही कळतं. ज्या करवतींना ब्लाझचा हात लागला, त्या सगळ्या धडधाकट होत्या. जळल्या त्या तीन, जिथं फक्त मिलिवॉयचा कान होता. आयुष्यभर त्यानं साऱ्या दुनियेवर संशय घेतला, आणि ज्यांच्यावर घ्यायला हवा होता ते त्याच्याच डोक्याच्या दोन बाजूंना लटकत होते.

त्यानं एक हलकी करवत खांद्यावर टाकली आणि वरच्या रस्त्यानं चालू लागला. ब्लाझ अंगणात प्लम वेचत होता. मिलिवॉयनं करवत लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर ठेवली.

"अस्वल मेलं," तो म्हणाला.

"ऐकलं मी. सुरू झालं तेव्हाच कळलं टिकत नाही म्हणून. निघालो होतो." ब्लाझनं खुब्यावर हात ठेवला. "पाण्याच्या टाकीपर्यंत आलो आणि ते गप्प झालं."

मिलिवॉयनं विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"कुणाला, तुला? मायस्तोर, तुझे कान गेले, असं? तू म्हणाला असतास ब्लाझला माझी शेड हवीय."

"म्हणालो असतोच."

"मग?"

"मी सगळ्या गावापुढं तुझं नाव घेतलं, कूम. आज, माळावर."

"तेही कळलं. झ्वोन्को येऊन गेला." ब्लाझनं प्लमची बादली बाजूला सरकवली. "चालायचंच असं म्हणणार नाही मी. लागलं मला."

मिलिवॉयनं मान खाली घातली. मग करवत सुरू केली, पूर्ण वेगावर धरली आणि मोकळ्या हातानं आपला स्क्रू ड्रायव्हर ब्लाझपुढं केला. ब्लाझनं तो लगेच घेतला नाही. घेतल्यावर वाकला, स्क्रू थोडा बाहेर काढला, ऐकलं, केसभर आत घेतला, पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. मिलिवॉयनं वेग उतरवला.

"झालं?"

"झालं."

"नक्की?"

"नाही. तुझी अजून एक करवत जाळायचीय ना मला."

मिलिवॉय त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. स्क्रू फिरण्याआधीचा आवाज आणि नंतरचा आवाज त्याला सारखाच वाटला होता, अगदी सारखा.

"तू म्हणतोस तर झालं असेल," तो म्हणाला, आणि त्यानं करवत बंद केली.