वाढीचे दोन इंच

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक माझं, दुसरं मास्तरांचं. मास्तर म्हणजे शिंपी. त्यांनी शिकवलं कुणालाच नाही, पण पस्तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवून चार-पाच हजार पोरांची अब्रू झाकली. इतकी वर्षं ओठांत टाचण्या धरून बोलल्यामुळे आता टाचण्या नसल्या तरी त्यांचं तोंड अर्ध्या इंचापेक्षा जास्त उघडत नाही. उरलेलं बोलणं वहिनी, म्हणजे त्यांची बायको, करतात. कमी पडलंच तर समोरच्या दारात मी असतोच.

शाळेने तयार गणवेश घ्यायला सुरुवात केली आणि मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं. ते घरी आले, शिलाई मशीन घरी आलं आणि कापायच्या टेबलाखाली सहा वर्षं काढलेला बॉबिनही घरी आला. बॉबिन हा कुत्रा. अंगाने लांबट, पायांनी आखूड, जात त्याच्या आईलाच ठाऊक. दुकानात गिऱ्हाइकांचे पाय हुंगता हुंगता त्याचा दिवस जायचा. घरात चारच पाय, ते सकाळी नऊलाच हुंगून संपायचे. मग तो बाल्कनीपासून दारापर्यंत आणि दारापासून बाल्कनीपर्यंत धावत सुटे. बरोबर त्याखालच्या खोलीत रात्रपाळी करून आलेले नर्सभाऊ झोपायची खटपट करत.

नर्सभाऊ तीनदा वर आले. तिसऱ्या खेपेला उशी घेऊनच आले. म्हणाले, "मास्तर, मी इथे आडवा होतो. तुम्ही तिघं खाली जाऊन धावा."

त्या दिवशी वहिनींनी निकाल दिला. गावाबाहेर त्यांच्या भावाचा कोंबड्यांचा व्यवसाय होता. महिनाअखेरीला भाऊ खुराडं घेऊन येणार आणि बॉबिनला नेणार.

"तोवर शांत झाला तर राहील. नाहीतर भावाला दिलेला शब्द मला मोडायला लावू नका," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी बॉबिनच्या कानाला चिकटलेला धागा काढला आणि बोटाला गुंडाळत बसले. दोन दिवस मास्तरांच्या ताटात निम्मं अन्न तसंच राहिलं, हे मला वहिनींनीच सांगितलं.

लोकांच्या घरात नाक खुपसायची मला जुनी सवय आहे. पोस्टात पार्सल द्यायला गेलो तिथेही मी हे सगळं मीठमसाला लावून सांगितलं. वजनकाट्यामागच्या बाई ऐकत होत्या. त्या सुट्टीच्या दिवशी बस डेपोमागच्या मैदानावर कुत्र्यांना फ्लायबॉल शिकवत. चार कुत्र्यांचा संघ. एकेकाने चार अडथळ्यांवरून उड्या मारत जायचं, टोकाच्या पेटीच्या तिरक्या फळीवर पाय आपटायचे, आतून चेंडू उडतो तो तोंडात पकडायचा आणि तसंच उड्या मारत परत यायचं. मग पुढचा सुटतो.

"एवढं केल्यावर कुत्रं दुसऱ्या दिवशीसुद्धा लोळत असतं," बाई म्हणाल्या. "आणि मला बुटकाच हवाय. सगळ्यात बुटक्याच्या उंचीवरून अडथळे लावतात, त्यामुळे बाकीच्यांना सोपं जातं. माझा तेरा इंचाचा गडी आता म्हातारा झालाय. तुमच्याकडचा तेरा असेल तर आणा. जमिनीपासून खांद्यापर्यंत मोजायचं."

मी धावत घरी. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, गुडघ्यावर बसले, बॉबिनला उभं केलं, नेहमीच्या लकबीने डोळा बारीक केला.

"पंधरा."

"नीट बघा की."

"पस्तीस वर्षांत माप चुकलेलं नाही," मास्तर म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच.

मी कळवलं. बाईंचं उत्तर आलं, पंधराचा आमच्याकडे आहे, नको. संध्याकाळी वहिनींनी बॉबिनची ताटली धुऊन पिशवीत ठेवली. मास्तर ती पिशवी दाराशी टांगलेली बघत राहिले.

दोन दिवसांनी हवा गार झाली म्हणून मी कपाटातून कोट काढला. तो मास्तरांनीच शिवलेला. मी चाळिशीला आलो होतो तेव्हाचा. बाह्या बोटांवर उतरतात. हात बाहेर काढायला आधी बाही दुमडावी लागते. एवढं जुनं दुखणं, पण त्या दिवशी आरशासमोर माझ्या डोक्यात उजेड पडला. गणवेशवाला शिंपी माप घेतो तेव्हाच वाढत्या अंगाचे दोन इंच त्यात धरतो. नुसतं माप त्यांनी कित्येक वर्षांत उच्चारलंच नव्हतं.

मी तसाच समोर गेलो.

"मास्तर, माझे हात अजून वाढणारेत का हो?"

"कशाला?"

"आणि बॉबिनचे पाय?"

मास्तरांनी माझ्या बाह्यांकडे पाहिलं. मग बॉबिनकडे. मग टेप घडी करून खिशात घातली आणि आत निघून गेले. वहिनी म्हणाल्या, "आता चार दिवस बोलायचे नाहीत. तसं फरक कळणार नाही म्हणा."

पण सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तर बॉबिनला घेऊन माझ्या दारात उभे होते.

मैदानावर पाच-सहा मंडळी होती. बाईंनी लाकडी मापपट्टी बॉबिनच्या खांद्याला लावली. तेरा, तेही जेमतेम.

"पंधरा कुणी सांगितलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या जिभेवर काहीतरी तयार होतं. पण मास्तरच पुढे झाले.

"मी. वाढीचे दोन इंच धरले होते."

"वय काय याचं?"

"सहा वर्षं."

मंडळी हसली. बाईसुद्धा हसल्या. मास्तर मान खाली घालून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माप चुकलं."

बाईंनी हसू आवरलं. सुरुवात सोपी असते म्हणाल्या. मी अडथळ्यांच्या या टोकाला बॉबिनला धरायचं, मास्तरांनी पलीकडच्या टोकाला जाऊन हाक मारायची, मी सोडायचं. मास्तर पलीकडे गेले. हाक मारली असावी. ओठ हलले, आवाज माझ्यापर्यंतही आला नाही. बॉबिन माझा जोडा हुंगत बसला.

"मोठ्याने, काका," बाई ओरडल्या.

मास्तरांनी पुन्हा प्रयत्न केला. मग खिशातून धागे तोडायची कात्री काढली आणि हवेत दोनदा चालवली. दुकान बंद करताना पात्यांना चिकटलेलं सूत ते असंच झटकायचे आणि बॉबिन टेबलाखालून निघायचा. आता तो माझ्या हातून निसटला. पहिल्या अडथळ्याला बाजूने वळसा, दुसऱ्यावर पोट घासलं, पुढचे दोन सरळ पार.

"पाळीव कात्री पहिल्यांदाच बघतेय," बाई म्हणाल्या आणि वहीत बॉबिनचं नाव लिहिलं.

त्यानंतर एक दिवसाआड मैदान. पेटीचं तंत्र बॉबिनला अजून पुरतं जमलेलं नाही. फळीवर पाय आपटतो, चेंडू उडालेला बघतो आणि तो तिथेच टाकून कात्रीकडे परत येतो. बाई म्हणतात, महिना-दोन महिने लागतील.

महिनाअखेरीला वहिनींचा भाऊ खुराडं घेऊन आला. सकाळचे अकरा वाजले होते. मैदानावरून आलेला बॉबिन शिलाई मशीनखाली पाय वर करून पडला होता. वहिनी त्याच्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग दाराशी टांगलेल्या पिशवीतून ताटली काढली आणि स्वयंपाकघरात नेली.

"ताई, मग खुराडं?" भावाने विचारलं.

"तू चहा घे आणि ते घेऊन जा," आतून आवाज आला.

एवढ्यात नर्सभाऊ वर आले. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"वरून आज काहीच आवाज नाही," ते म्हणाले. "म्हटलं नेलं की काय त्याला."

मशीनशी बसलेल्या मास्तरांनी ओठांतून दोन टाचण्या काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या.

"झोपलाय," ते म्हणाले. "हळू बोला."