तिच्या आधी पोचलेली नक्कल

आमच्या सोसायटीचे चेअरमन एकदा मीटिंगला आले नाहीत, तेव्हा सभासदांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. मी त्यांच्या आवाजात पाण्याच्या टाकीवर दहा मिनिटं बोललो, दोनदा घसा खाकरला, एकदा चष्मा कपाळावर नेला आणि "हा विषय आपण पुढच्या सभेत घेऊ" असं म्हणून उठलो. लोक हसून हसून लाल झाले. सेक्रेटरींनी माझं भाषण इतिवृत्तात लिहून घेतलं, असं मी नेहमी सांगतो. लिहून घेतलं नव्हतं. पण किस्सा तिथे संपला की बरा वाटतो.

हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं माझ्या हातून चुकून घडलं, असं कुणाला वाटायचं.

मी बावन्न वर्षांचा आहे, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, आणि कोथरूडला आईबरोबर राहतो. पन्नाशीनंतर माणसाला जी खुळं सुचतात त्यांतलं सगळ्यांत निरुपद्रवी म्हणून मी पोहायला शिकायचं ठरवलं. सकाळी साडेसहाची बॅच, सगळे मोठे, सगळे घाबरलेले. उथळ टोकाला लोखंडी दांडा धरून पाय मारायचे. मी जीव तोडून पाय मारत होतो. शेजारच्या बाईंनी तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाल्या, "पाय मारा हो, पण आपल्या हद्दीत मारा."

ती सत्तेचाळीस वर्षांची, एका सरकारी कार्यालयात अधिकारी, वारज्यात फ्लॅट, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगी बंगळुरूला नोकरीला. आम्हा दोघांनाही पोहणं काही विशेष आलं नाही. पण पोहून आल्यावर भूक जबरदस्त लागते, आणि तिथे आमचं जमलं. आज उप्पीट, उद्या साबुदाणा वडा, परवा इडली. नवीन ठिकाणी गेलो की ती आधी नुसती चटणी चाखायची. एकदा तिने मालकाला बोलावून सांगितलं, "चटणीत पाणी वाढवलंय. काल वाढवलं नव्हतं." मालक म्हणाला, "मॅडम, काल तुम्ही आला नव्हता." ती म्हणाली, "म्हणूनच." यातून काय सिद्ध झालं मला कळलं नाही, पण मालकाने दुसरी चटणी आणली. त्या दिवशी मी तिच्या प्रेमात पडलो असावा.

आई या सगळ्याला "तुझं ते नाश्त्याचं प्रकरण" म्हणायची. "प्रकरण वाढतंय का नुसतंच पोट?" असं तिने एकदा विचारलं. दोन्ही वाढत होतं. आम्ही तुम्हीवरून तूवर आलो.

आता तिच्या बोलण्याविषयी. ती ज्या मराठीत बोलायची ती ऐकून माझ्या आईनेही मान डोलावली, आणि माझी आई सहसा कुणासाठी मान डोलावत नाही. एकेक ण जागच्या जागी, ळ खणखणीत, वाक्य सुरू झालं की शेवटी क्रियापदापर्यंत पोचणारच. मला वाटलं, ही आमच्यातलीच. "आमच्यातली" या शब्दाचा अर्थ आम्ही कोथरूडकर कधी उलगडून सांगत नाही. तशी गरजच पडत नाही.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात एका रविवारी आम्ही खडकवासल्याच्या बाजूला गेलो. धरणापलीकडे तिचं गाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं. रस्त्याकडेला एक मावशी जांभळं घेऊन बसल्या होत्या. तिने गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरून मावशींशी बोलायला लागली, आणि माझ्या गाडीतली बाई कुठे गेली ते मला कळेना. आवाज मोठा झाला, हात हलायला लागले, आहेचं हाय झालं, नाहीचं न्हाई. दोघी कुणाच्या तरी लग्नावर हसल्या. जांभळांचा पुडा घेऊन ती परत आली आणि दार लावताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचं गावाकडचं."

मी म्हणालो, "मग माझ्याशीही बोल की तसं."

"तुला हसू येईल."

"शप्पथ नाही हसणार." मी गळ्याला चिमटा घेऊन दाखवला.

तेव्हा तिने मला ते सांगितलं. अकरावीला ती पुण्यात आली, मुलींच्या वसतिगृहात राहिली. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून उत्तर दिलं, उत्तर बरोबर होतं, वर्ग हसला. बाईही हसल्या. मग रोज पहाटे ती बाथरूममध्ये जायची, बादलीत नळ पूर्ण सोडायची, म्हणजे बाहेर आवाज जायला नको, आणि नळाच्या आवाजाखाली म्हणत राहायची: आहे. नाही. आणि. कशाला. पाणी. वर्षभर. मुली दार वाजवायच्या, कारण गरम पाणी संपायचं. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नवरा तिच्याच गावाकडचा, त्याच्याशी बोलताना तिला या मराठीची गरज पडली नव्हती.

पुढचं वळण आलं. मग तिने मला जांभूळ दिलं आणि एक वाक्य बोलली, तिच्या घरच्या बोलीत, थेट मला. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. हे सगळं लिहू का असं मी तिला पुढे, सगळं घडून गेल्यावर, विचारलं. ती म्हणाली, "लिहा. पण माझं बोलणं लिहू नका. तुमच्या मित्राचं लिहा, ते चालेल."

त्या दिवशी आम्ही तिच्या भावाकडे जेवलो. धरणातला मासा, तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा वाफाळता भात, आणि सगळ्या घराची ती मोकळी, मोठ्या आवाजातली बोली, मला मध्ये बसवून. मी हसलो नाही. शब्दाला जागलो. मी फक्त आठवडाभराने इतरांना हसवलं.

शाळेपासूनच्या माझ्या एका मित्राकडे आमचा चारपाच जणांचा कट्टा जमतो. मित्राची बायको शाळेत मराठी शिकवते. तिने "मग, कुठवर आलं?" असं विचारलं, आणि मी उठून उभा राहिलो. बसून सांगितलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. जांभळं झाली, भाऊ झाला, भाकरी झाली. हाय आणि न्हाई यांना मी असे काही सूर दिले की मलाच माझं कौतुक वाटलं. आणि खोलीत हशा पिकला की माणूस हातचं राखून ठेवत नाही. मी त्यांच्या जेवणघरातल्या बेसिनपाशी गेलो, नळ खरोखर पूर्ण सोडला, आणि पहाटे थंडीत कुडकुडणारी सोळा वर्षांची मुलगी झालो. आहे. नाही. पाणी. मध्येच दारावर थाप मारली, ती मीच मारली, आणि मीच दचकलो. मित्राने डोळे पुसले. त्याची बायको म्हणाली, "किती गोड आहे रे ही. आण ना जेवायला."

मी प्रेमाने केलं असं मी स्वतःला सांगितलं. त्यात थोडं खरंही होतं. ज्याच्यावर आपला जीव नाही त्याची नक्कल इतकी चांगली होत नाही.

पुढच्या रविवारी तिला घेऊन गेलो. तिने फिकट हिरवी साडी नेसली होती आणि रस्त्यात दोनदा विचारलं की मोगऱ्याचा गजरा जास्त होतोय का. मित्राच्या बायकोने घाट घातला होता: मसालेभात, अळूची भाजी, कोथिंबीर वडी, जिलबी, मठ्ठा. सगळे तिच्याशी फार चांगले वागले. हे मी मुद्दाम सांगतो आहे. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. मित्र जिलबीचं ताट घेऊन तिच्यापाशी आला आणि आपल्या घरचंच माणूस समजून म्हणाला, "वहिनी, जिलबी हाय. घ्या की. का न्हाई म्हंता?"

सगळे हसले. तीही हसली. मात्र हसताना तिने मित्राकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि मी पटकन मठ्ठ्याच्या वाटीत बघितलं.

तेवढ्यावर निभावलं असतं. ती नंतर मला दोन शब्द बोलली असती, मी कान धरले असते. पण मित्राच्या बायकोला वाटलं, नवऱ्याने जरा आगाऊपणा केला, आता आपण सांभाळून घ्यावं. ती येऊन पाहुणीच्या शेजारी बसली, तिच्या हातावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाली, "मला तर तुमचं इतकं कौतुक वाटतं. नळ सोडून सराव करायचात ना तुम्ही? केवढी जिद्द. मी माझ्या मुलांना सांगणार आहे वर्गात."

तिने हातातला जिलबीचा तुकडा ताटात ठेवला. "हो," ती म्हणाली, "फार वर्षं झाली त्याला." मग ती मसालेभाताविषयी बोलली. गोडा मसाला घरचा आहे का विचारलं, अळू कुठून आणता विचारलं. एकही ण इकडचा तिकडे झाला नाही. त्या घरात तिच्याइतकं शुद्ध त्या दुपारी कुणीच बोललं नाही, मराठीच्या शिक्षिकासुद्धा.

गाडीत मी काहीतरी गमतीचं बोलायचा प्रयत्न केला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आपण मला चौकात सोडलंत तरी चालेल. पुढे मी जाईन."

आपण. सोडलंत. मी चौकात सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर माफीची तयारी केली. हे लिहिताना कान गरम होतात, पण केली. आधी कुठे थांबायचं, "मी चुकलो" म्हणताना "चुकलो" वर जोर द्यायचा की "मी" वर. आई कोथिंबीर निवडत दारातून ऐकत होती. तिला मी काय केलं ते सांगितलं होतं. "पहिल्यांदा म्हणालास ते बरं होतं," ती म्हणाली. "आता हात फार हलताहेत."

संध्याकाळी वारज्याला गेलो. तिने दार उघडलं, पाणी दिलं, बसायला सांगितलं. मी बसलो नाही. उभा राहूनच सुरुवात केली, आणि बरं चाललं होतं. आवाज योग्य ठिकाणी कापला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही माफीसुद्धा करून दाखवताय," ती म्हणाली.

मी बसलो.

"तुमच्या मित्राचा मला राग नाही," ती म्हणाली. "त्यांच्या बायकोचाही नाही. बिचारी खरंच कौतुक करत होती. पण मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले ना, तर मी पोचायच्या आधी तिथे माझी नक्कल पोचलेली होती. मग मी गजरा घालून कशाला गेले?"

तिने दिलेलं पाणी मी एका दमात पिऊन टाकलं.

"तुम्ही नळ कसा दाखवलात?" तिने विचारलं.

"बेसिनचा सोडला."

"वसतिगृहात बेसिन नव्हतं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

तिने मला टाकलं नाही. लोकांना हे ऐकून बरं वाटतं, मलाही आधी वाटलं होतं. आम्ही पुन्हा नाश्त्याला जाऊ लागलो. ती चटणी चाखते, मालकांना धारेवर धरते, माझ्या चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाडीवर ठेवणीतलं काहीतरी बोलते. सगळं तुम्हीमध्ये. सगळं क्रियापदापर्यंत. मी एकदा म्हणालो, "तू म्हण ना मला." ती म्हणाली, "येईल तेव्हा येईल. ठरवून आणलं तर तुम्हालाच कळेल ते."

कट्ट्यावर मी मित्रांना सांगितलं की हा किस्सा आता बंद. मित्र ओशाळला. त्याची बायको रडली, आणि आपण अजून वर्गात सांगितलं नव्हतं याचं तिला बरं वाटलं. चेअरमनांची नक्कल मी अजून करतो. खोटं कशाला सांगू.

गेल्या महिन्यात तिच्या भावाकडे पुन्हा जेवायला गेलो. तिनेच बोलावलं होतं. ओसरीत पोचलो तोपर्यंत आतून आवाज येत होते, भांड्यांचे, कुणावर तरी ओरडण्याचे, हसण्याचे. मी चपला काढल्या. ती पुढे आत गेली आणि मला म्हणाली, "या. इथे बसा तुम्ही, इथे वारं येतं." भाऊ बाहेर आले, आमच्या दोघांकडे पाहिलं, जरा थांबले, आणि म्हणाले, "नमस्कार. प्रवास व्यवस्थित झाला ना?"

मला वाटलं, मी चुकीच्या घरी आलो. तिच्या वहिनी पाणी घेऊन आल्या. "जेवण तयार आहे," त्या म्हणाल्या. आहे म्हणताना जरा अडखळल्या, मग नीट म्हणाल्या. त्यांचा धाकटा मुलगा काहीतरी बोलायला लागला तर त्यांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

हात धुवायला मागच्या बाजूला गेलो तेव्हा मी तिला हळूच विचारलं, "तू त्यांना सांगितलंस?"

"नाही," ती म्हणाली. "मी काहीच सांगितलं नाही. मी तुमच्याशी कशी बोलते ते त्यांनी ऐकलं."

मासा पहिल्यासारखाच झाला होता, भातही. भावांनी पावसाविषयी, धरणातल्या पाण्याविषयी विचारपूस केली, अगदी कार्यालयातल्यासारखी. वहिनी पातेलं घेऊन आल्या. "आणखी भात घेणार आहात का?" पहिल्या खेपेला कुणी विचारलं नव्हतं, मी ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढलं होतं, दोनदा. आता मी सवयीने "नको, पुरे" म्हणालो.

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि पातेलं आत घेऊन गेल्या.