वरचं मालकाचं, खालचं भाडेकरूचं

जुन्या जालन्यात आबारावांच्या सहा खोल्या होत्या. पाच भाड्यानं दिलेल्या. त्या पाचही गळायच्या. सहावीत ते स्वतः राहायचे.

कोपऱ्यातल्या खोलीत बायनाबाई राही. नवरा मल्हारी सदा मेंढरांमागं. ती दिवसभर जिनिंगमध्ये कापूस निवडायची आणि घरी आली की भिंतीशी भांडायची. चुना फासा, शेणानं लिंपा, ओल काही हटायची नाही.

गल्लीतला रिवाज साधा होता. वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, मालकाचं, खालची भुई भाडेकरूची. मालकानं दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती पसरायची, भाडेकरूनं भुई सारवायची. मधल्या भिंतींचं मात्र कोणी काही ठरवलं नव्हतं, आणि आबारावांची सगळी हुशारी तिथंच मुक्कामाला होती.

"मालक, वरून पाणी झिरपून राह्यलं. माती टाका ना."

आबाराव भिंतीला बोट लावायचे, बोट हुंगायचे आणि निकाल द्यायचे. "बायनाबाई, ही ओल खालून चढली. तुमच्या रांजणाची. वरचं माझं, खालचं तुमचं. रिवाज म्हंजे रिवाज!"

पलीकडच्या खोलीत तर त्यांनी ओलीचा ठपका सासू-सुनेच्या रडारडीवर ठेवला होता.

यंदा मात्र बायनाबाईच्या जिवाला घोर लागला. लेक गोपिका पहिल्या बाळंतपणाला आली होती. बायनाबाईचं स्वतःचं पहिलं लेकरू याच खोलीत गारठून गेलं होतं. ती ते कोणाला सांगत नसे, पण भिंतीकडं पाहिलं की तिला तेच आठवायचं. ओल्या भिंतीशी बाळंतीण निजवायची कशी?

दुसरी मोठी लढाई संपली होती, पण सक्तीनं धान्य घेणारी सरकारची लेव्ही संपली नव्हती. सरकारात ज्वारी घालणं मोठ्या घरांच्या जिवावर यायचं. त्याच उन्हाळ्यात बायनाबाई लेकीला आणायला तिच्या सासरी वाटूरला गेली आणि परतली, तर खोलीच्या कोपऱ्यात नवीकोरी फरशी. "फुकट बसवली," आबाराव म्हणाले. त्यांनी काही फुकट केलं याचाच तिला इतका धक्का बसला, की का केलं हे विचारायचं राहूनच गेलं.

श्रावणात फरशीच्या कडेनं पिवळट कोंब वर आले. गोपिकानं एक उपटला. मुळाशी दाणा होता.

"आई, ही तं ज्वारी!"

फरशीखाली पेव होतं. झडतीत आपल्या घरी सापडू नये म्हणून आबारावांनी धान्य तिच्या खोलीच्या जमिनीत पुरून ठेवलं होतं. पेवाला कोरडीठाक जागा लागते, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. पण 'माझं माळवद गळत नाही' असं आबाराव इतकी वर्षं सांगत आले होते, की अखेर त्यांचाच त्यावर विश्वास बसला होता.

बायनाबाई आधी पोट धरून हसली. मग तिला संताप आला. मूठभर कोंब घेऊन ती आबारावांच्या ओसरीवर गेली.

"मालक, माझ्या भुईत पीक आलं."

आबारावांचं तोंड उतरलं. "हळू बोला! सरकारात कळंल. आजच फरशी उचलून घेतो मी. माळवद लईच गळून राह्यलं वाटतं."

"आत्ता गळून राह्यलं व्हय? लेकरं भिजली तवा ओल खालून यायची, ज्वारी भिजली तं वरून आली! भुई माझी हाय, मालक. हात लावू देणार न्हाई."

"मंग काय पाहिजे?"

"माती."

उघडीप होती. गडी उद्यावर ढकलू लागले, तेव्हा आबारावांनी धोतर खोचलं आणि स्वतःच पाट्या वाहिल्या. बाकीचे भाडेकरू ओरडले, "मालक, आमच्याबी माळवदावर टाका!" कोणाला किती ठाऊक आहे याचा अंदाज येईना, म्हणून त्यांनी पाचही माळवदं केली. मगच बायनाबाईनं फरशी उचलू दिली. सूपभर ओलसर पण चांगली ज्वारी तिनं ठेवून घेतली.

गोपिकाला मुलगी झाली. बारशाला आबाराव आले, भिंतीला बोट न लावता बसले. बायनाबाईनं त्यांच्या ओंजळीत ज्वारीच्या घुगऱ्या घातल्या.

"दाणा मस्त फुलला," ते चावत म्हणाले. "बरीच भिजवली वाटतं?"

"आमी कुठं भिजवली, मालक? तुमच्या माळवदानंच भिजवून दिली."