एका भिंतीवरून ग्रामसभा

ग्रामसभेत मला बसवत नाही. सतरंजीवर टेकलं की गुडघे बोलायला लागतात, खुर्ची मिळाली तर पाय हलायला लागतो, म्हणून मी आपली दाराशी उभी असते. त्या दिवशीही उभीच होते. आईचं घरकुल मंजूर झालं होतं आणि काका त्यावर बोलायला उठले होते.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. आंजीजवळच्या आमच्या गावात आई आणि काका शेजारीशेजारी राहतात, मातीच्या दोन घरांत, मधे एकच भिंत. वाटणीच्या वेळी आजोबांनी ती घालून एका घराची दोन घरं केली, आणि तेव्हापासून दोन्ही छपरांची आढी तिच्यावरच टेकलेली. वडील गेल्यापासून आई एकटी असते. मागच्या पावसाळ्यात तिच्या घराची मागची बाजू खचली. मी सावंगीला दवाखान्यात नर्स आहे. वॉर्डात दुसऱ्यांच्या आयांच्या उशा नीट करताना मला सारखं वाटायचं, तिकडे छप्पर खाली आलं असेल. तिनं फोन उचलायला उशीर केला की मी लगेच पुन्हा लावायचे. पुढच्या पावसाआधी मला तिच्या डोक्यावर स्लॅब हवा होता. बाकी गावाचं काय व्हायचं ते होवो.

काकांना घरकुल मिळालं नव्हतं, कारण त्यांच्या नावावर ट्रॅक्टर आहे. तो चालत नाही, त्याच्या सीटवर कोंबड्या बसतात. पण नियमात कोंबड्यांचा विचार केलेला नाही.

"सरकार घरं देऊन राह्यलं, चांगलं हाये," काका म्हणाले. "पन उपकेंद्र बांधलं, त्यात नर्स नाई. शाळेत मास्तर पुरत नाई. एसटी बंद झाली. सारा पैसा भिंतीतच काऊन घालता? आमच्या गावची पोरगी सावंगीत नर्स हाये, आन गावात सुई टोचाले मानूस नाई."

सगळी सभा वळून माझ्याकडे बघायला लागली, जणू उपकेंद्राची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. मला राग आला. राग याचा, की काका बोलले ते खरं होतं. गावात वेळेवर कुणी बघितलं नाही म्हणून चिघळलेले पेशंट मी रोज बघते. पण काका का बोलतायत हेही सगळ्यांना ठाऊक होतं. आईचं घर पाडायचं तर मधली भिंत जाणार, आणि भिंत गेली की काकांचं छप्पर अधांतरी. खरं बोलणाऱ्यानं स्वतःच्या सोयीसाठी खरं बोलावं, याचा इतका वैताग येतो की काय सांगू.

मी दारातूनच म्हणाले, "काका, भिंतीचं बोला न. दवाखान्याच्या आडून काऊन बोलता?"

लोक हसले. काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "भिंतीचं बोलतो. पाडा. मंग माह्या छपराले टेकू कोन देईन, सरकार का तू?"

अशी तरतूद योजनेत नाही, असं घरकुलांचं काम बघणारा अभियंता मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आईचा आवाज आला. "भाऊजी, माह्या नव्या भिंतीवर टेकवा न तुमचं आढं. आधीबी तसंच होतं."

अभियंत्यानं ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. आमच्यापुरता प्रश्न मिटला.

आई काकांकडे राहायला गेली. काकांनी आपल्या आढ्याला लाकडी बल्ल्यांचा आधार दिला आणि भिंत पाडू दिली. नवी भिंत चढायला लागली तसं तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायच्या कामाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सुट्टीच्या दिवशी मी जायचे, तर काका पाइप घेऊन उभेच. सभेत भिंतींना नावं ठेवणारा हाच का माणूस, असं मनात यायचं. स्लॅब पडला. काकांचं आढं नव्या भिंतीवर टेकलं. पाऊस यायचा होता आणि मला बऱ्याच दिवसांनी झोप लागायला लागली होती.

मग अभियंता शेवटचा फोटो काढायला आला. त्यानं आमच्या भिंतीत घुसलेलं लाकूड बघितलं. घर चारही बाजूंनी स्वतंत्र पाहिजे, दुसऱ्याचं छप्पर काढा, मगच शेवटचा हप्ता सुटेल, असं सांगून तो गेला. दारं-खिडक्या त्याच हप्त्यातून व्हायच्या होत्या.

काकांनी लगेच शिडी लावली. "मी काढतो. ताडपत्री टाकू," म्हणाले. ते वर चढलेले, आणि आई शिडी घट्ट धरून खाली उभी.

"उतरा, भाऊजी."

"अवो वहिनी, तुमचा हप्ता अडकन न."

"अडकू द्या. तुमचं घर पाडून दार लावू का मी?"

मी म्हणाले, माझ्या पगारातून दार बसवते. तर आई ऐकेना. "तू काऊन? मंजूर माह्यं नाव झालं. ज्यानं कबूल केलं त्यानं देलं पाह्यजे." दाराच्या जागी तिनं जुनं लुगडं अडकवलं आणि आत झोपायला लागली. मला स्लॅब हवा होता, तो मिळाला. आता मला साप दिसायचे, कुत्री दिसायची. हातातलं काम सोडून मी फोन लावायचे आणि ती म्हणायची, "जेवली का?"

पुढच्या सभेत काका सगळ्यांत आधी उठले. "वहिनीचा हप्ता सोडा. बाई एकटी बिनादाराच्या घरात झोपून राह्यली."

सरपंचबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, पैसा भिंतीत घालू नका, असं तुमीच म्हनत होते न?"

लोक पुन्हा हसले. दिवेलागणीपर्यंत भांडू शकणारा माझा काका खाली बसला. मला ते बघवेना. मी म्हणाले, "दोन्ही पाह्यजे. मानसाले घरबी लागते आन नर्सबी लागते. एक मागितलं म्हनून दुसरं काऊन सोडाचं?"

"मंग तू येजो न गावात," सरपंचबाई म्हणाल्या. "तूच नर्स, तुह्याच मायचं घर. दाराचंबी भेव नाई राहनार."

त्या टोमणा मारत नव्हत्या, तेच जास्त लागलं. माझी नोकरी खाजगी, उपकेंद्रातली जागा सरकारनं भरायची असते, हे सगळं मला सांगता आलं असतं. ते जिभेवर जुळवत असतानाच आई उठली.

"पोरगी नाई येत. तिचं पोट तिथं भरते," ती म्हणाली. "तुमी दाराचं बोला."

दाराचं कोणी बोललं नाही. पुढचा विषय नालीचा होता, तो निघाला. मी येणार नाही हे आई कधीचीच धरून चालली होती, आणि ते मला आत्ता कळत होतं, गावासोबत.