पुंजण्यातली ऊब

पोराच्या कपाळाला हात लावून ताप पाहावा, तसा धुरपता धानात हात घालून पाहायची. कोपरापर्यंत हात आत, डोळे मिटलेले, आणि मग एकच शब्द: "चांगला," नाही तर, "काढा."

ही विद्या तिला गोंदियाच्या एका राईस मिलने दिली होती. तिथे नऊ वर्षं तिने उसना, म्हणजे उकडा, धान वाळवला. वाफवलेला धान फरशीवर पसरायचा आणि भर उन्हात त्यातून पाय ओढत फिरायचं. ओल कुठे राहिली, ते तळपायाला आधी कळायचं. नवरा मंगरू हमाली करता करता कमरेतून गेला, तेव्हा दोघं आमगावजवळच्या आपल्या गावी परतली आणि धुरपता गावातले शेतकरी भैयाजी यांच्या बांध्यांत, भातखाचरांत, कापणीला जाऊ लागली.

पंचावन्न साली कापणी नुकतीच आटोपली होती आणि अवकाळी पावसाने गाठलं. भैयाजींनी घाईघाईने भिजलेले भारे उचलून खळ्यावर एकावर एक रचून दोन मोठे पुंजणे केले, वरून पेंढ्याची तणस दाबून बसवली. तीन दिवस झाले तरी पाऊस थांबेना, पण भैयाजी निवांत होते. चौथ्या दिवशी सकाळी धुरपता खळ्याकडून जात होती. पुंजण्याच्या शेंड्यावर तिला धुक्यासारखी वाफ दिसली. तिने भाऱ्यांच्या फटीत हात खुपसला आणि चुलीवरच्या गंजाला, तापल्या पातेल्याला, लागावा तसा मागे ओढला. हाताला आंबूस वास येत होता.

ती तडक भैयाजींच्या दारात गेली. "भैयाजी, पुंजणा तापून राहिला जी."

"झाकला आहे, मंग ऊब राहणारच."

"ओला होता तवा रचला. आता आतल्या आत शिजून राहिला. दोन दिवसांत काळा होईल, मंग ढोरंबी तोंड नाही लावत."

"अन् फोडला तर पाण्यात नाही भिजणार? नशिबात असंल तेवढा येईल घरी."

"नशीब कायले मधात आणता? पावसानं नाही, झाकल्यानं जाऊन राहिला धान."

भैयाजींची बायको सुशिलाबाई ओसरीवरून सगळं ऐकत होती. ती डोक्यावर पोतं घेऊन खळ्यावर गेली आणि मूठभर धान घेऊन परत आली. दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. मूठ नवऱ्यापुढे उघडून ती म्हणाली, "हात घालून पाहा आधी, मंग नशिबाचं बोला."

भैयाजी गेले. परतले तेव्हा चेहरा उतरला होता. "बोल धुरपते, का करायचं?"

"फोडा पुंजणे. गोठ्यात भारे आणून झोडा. कोंब आलेला धान बाजूला करा अन् बाकीचा उसना करून टाका. उकडला की कोंब फुटत नाही."

"उसना? आमच्या घरी कोणी खात नाही उसना."

"मंग सडका खाता काय?"

भैयाजींना त्याही स्थितीत हसू आलं.

लग्नाच्या पंगतीचे मोठे गंज गावातून गोळा झाले. गोठ्याच्या छपराखाली चुलाणं पेटली. पहिल्या गंजातला दाणा धुरपताने दाताखाली फोडला. मध्ये पांढरं उरलं नव्हतं. तेव्हा कुठे तिने मान हलवली. खाटा बाहेर गेल्या, ओसरी, माजघर, सगळीकडे बारदान अंथरून धान पातळ पसरला गेला. कोपऱ्यांत निखाऱ्यांची घमेली ठेवली. धुरपता दिवसभर त्यातून पाय ओढत फिरली, तिच्यामागे सुशिलाबाई आणि शेजारणी.

पण मनातून ती घाबरली होती. मिलमध्ये पक्की फरशी होती, उघडं आभाळ होतं. इथे ऊन निघालं नाही तर उकडलेला धान चिकट होऊन बुरशी धरेल आणि गाव म्हणेल, मजुरणीचं ऐकलं म्हणून बुडाले. दुसऱ्या दिवशीही ढग हलले नाहीत. ती दर घटकेला दारात येऊन वर पाहायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून आभाळ फाटलं. आधी अंगणात एक पिवळा पट्टा पडला, मग सगळं खळं उजळलं. "काढा, काढा बाहेर!" सुशिलाबाई ओरडली. टोपल्यांवर टोपल्या उन्हात पोचल्या. सगळा धान पसरून झाला. धुरपता पायरीवर बसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. सुशिलाबाईने चहाचा पेला हातात दिला.

मधल्या थरातला पाच-सहा टोपल्या धान काळा पडला, तो उकिरड्यावर गेला. कोंब आलेला बैलांनी खाल्ला. बाकीचा सगळा वाचला. तांदूळ पिवळसर निघाला खरा, पण अख्खा. शेजारच्या केवळरामने चुलाणं पेटल्याच्या दुसऱ्याच दिवशी येऊन पाहिलं होतं आणि आपलाही पुंजणा फोडला होता. त्याचंही वर्षाचं खाणं हाती राहिलं.

पुढच्या साली धुरपताने भैयाजींना भारे बांधीतच वाळू द्यायला लावले आणि पुंजणा रचताना मधोमध बांबूची लांब, पोकळ टोपली उभी करवली, आत हवा खेळावी म्हणून. दोन-तीन वर्षांत गावातल्या प्रत्येक खळ्यावर तशी टोपली दिसू लागली. भैयाजी पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवत आणि सांगत, "ही अक्कल आपली." सुशिलाबाई तोंडाला पदर लावून हसायची. धुरपता मात्र विळा घेऊन पुढच्या बांधीत निघून जायची. कोणाच्या का नावाने होईना, धान घरात येत होता.