न दुखणाऱ्या दाढेसाठी

आमच्याकडे दुखल्याशिवाय डॉक्टर नाही. दातांचं तर दुखलं तरी आधी लवंग, मग मिठाच्या गुळण्या, मग शेजारच्यांचा सल्ला, आणि गाल सुजून टम्म झाला की डॉक्टर. या पद्धतीवर माझा राग आहे आणि तो मी गिळणार नाही.

माझी उजवीकडची खालची दाढ लहानपणीच काढावी लागली, किडून पोकळ झाली होती. खापरखेड्याच्या कॉलनीतल्या सगळ्या बायांनी आईला सांगितलं होतं, दुधाची आहे, पडेल आणि नवी येईल. काढलेली दाढ मी रीतीप्रमाणे क्वार्टरच्या छपरावर फेकली आणि वाट बघत बसले. जीभ सारखी त्या खड्ड्यात. दहावीला गेले तरी वाट बघणं चालूच होतं. ही दाढ सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून ती आलेली कोणाला कळत नाही आणि सगळे तिला दुधाचीच समजतात. ती एकदाच येते, हे मला कोणी सांगितलं नाही.

लेकीची ती दाढ वर आलेली मला ब्रश करताना दिसली आणि मी तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आरशात दाखवलं. दाढेच्या माथ्यावर खोल चिरा असतात, ब्रशचा केस आत पोचत नाही, कीड तिथूनच सुरू होते. त्या चिरा पातळ लेपाने बुजवता येतात. "हा नव्या प्रकारचा आहे, जंतूंनाही आवर घालतो," त्या म्हणाल्या. "पण लेप लावला म्हणून ब्रश सुटत नाही, बरं का!"

लेप लावायला तान्ह्या पोळ्याची सकाळ मिळाली. त्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून पैसे, खाऊ ठेवतात. आई सणासाठी आमच्याकडे आली होती. तिने दारातच अडवलं.

"काहून वं, दुखते का पोरीले?"

"नाही."

"मग कायले नेऊन राहिली? सणाच्या दिवशी लेकरू बैल फिरवन का तोंड वासून बसन?"

शेजारच्या काकू हसल्या. "धड दाताले डॉक्टर म्हणजे आ बैल मुझे मार!"

"माझा बैल मीच बोलावून राहिली, काकू. तुम्ही बाजूले व्हा."

तेव्हा आई म्हणाली, "दुधाचीच दाढ आहे ते. पडन अन् नवी येईन."

माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर तोंड उघडलं आणि रिकाम्या हिरडीवर बोट ठेवलं. "माझी कधी येईन, आई? चाळिशी आली माझी."

मी लेकीला ऑटोत बसवलं, तर पलीकडून आई पदर सावरत चढून बसली. मी तिला बोलावलं नव्हतं.

दवाखान्यात सुई नव्हती, घरघर करणारं यंत्र नव्हतं. दाढ स्वच्छ केली, कोरडी केली, लेप लावला, त्यावर निळा उजेड धरला. लेक आजीचं बोट धरून पडून होती.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एवढंच होतं?"

बाई हो म्हणाल्या. आई खुर्चीवर बसून राहिली. मला तिची दया आली, पण मी तिला समजावलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतंच.

संध्याकाळी लेक बैल घेऊन निघाली, आई तिच्या मागे आणि मी आईच्या मागे. एका दारात एक तरुण बाई सहा-सात वर्षांच्या लेकराला हाताशी धरून उभी होती. ते तोंड वासून रडत होतं. माझ्या आईने बोजारा राहू दिला आणि ती त्याच्या तोंडात डोकावली.

"हे मागची दाढ दुधाची नाही बरं," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की समोरच्या दारातल्या बाया वळल्या. "कोणी काही सांगो, आयकू नको. दाखवून ये. माझ्या पोरीची मी घालवली."