आधी पाय, मग तोंड

आप्पा कुणालाही भेटले की आधी पायांकडे बघत, मग तोंडाकडे. पाटाच्या कडेला मला पहिल्यांदा भेटले तेव्हा नावगाव न विचारता म्हणाले, "डावा पाय जपून टाकताय. कधी मोडला व्हता?" मला राग आला, कारण ते खरं होतं.

आदल्या वर्षी मी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवलं आणि कचेरीभर सांगत सुटलो. मग तीन आठवड्यांत पाचाचे पंधरा किलोमीटर केले. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली आणि शर्यतीच्या सकाळी मी पाय उशीवर ठेवून चहा पीत बसलो. तेव्हापासून कचेरीतले लोक मला 'मॅरेथॉन' म्हणूनच हाक मारत. यंदाही शर्यत हुकली असती तर हे नाव निवृत्तीपर्यंत चिकटलं असतं.

आप्पा सायखेड्याचे द्राक्षबागायतदार, अडुसष्ट वर्षांचे. नाशिकात गंगापूर रोडला मुलाकडे राहत. पायजमा पोटरीपर्यंत दुमडून ते पाटाकडच्या मातीच्या वाटेवर पळत. मला शिकवा म्हणून मागे लागलो, तर त्यांनी अटीच घातल्या. डांबर नको. आठवड्याला किलोमीटरभरच वाढवायचं, चौथ्या आठवड्याला उलट कमी करायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी घरी बसायचं. शिवाय पळण्याआधी ते माझी नडगी अंगठ्याने वरून खालपर्यंत दाबून बघत. येणारे-जाणारे हसत, त्याचं त्यांना काही नसे.

नोव्हेंबरात माझा धीर सुटला. पाय हलके वाटत होते. एका मंगळवारी संध्याकाळी गुपचूप त्र्यंबक रोडच्या डांबरावर बारा किलोमीटर पळून आलो. बुधवारी आप्पांचा अंगठा नडगीवर एका जागी थांबला आणि मी कळवळलो. त्यांनी अंगठा काढून घेतला. रविवारी बागेत या, एवढंच म्हणाले.

बागेत त्यांनी माझ्या हातात कात्री दिली. पहिल्याच पिकाची वेल, कोवळ्या घडांनी लगडलेली. त्यातले निम्मे घड कापायला सांगितले. माझा हात चालेना. एवढा चांगला माल मातीत टाकायचा?

"समदे ठेवले तर यंदा लय भारी दिसंल," आप्पा म्हणाले. "पुढल्या साली वेल थकून बसंल. ती कधी नाय म्हणत नाय, साहेब. आपणच वळखायचं."

मी घड कापत गेलो. मला खरोखर लाज वाटली. आप्पांनी दहा दिवस माझं पळणं बंद केलं आणि पुन्हा थोड्यापासून सुरू करायला लावलं. या वेळी मी हुज्जत घातली नाही.

जानेवारीत शर्यत झाली. पहिल्या पाच किलोमीटरांत अख्खं नाशिक मला मागे टाकून गेलं. मला 'मॅरेथॉन' म्हणणारा कचेरीतला तरणाबांड सहकारीही हात हलवत पुढे गेला. मी ठरल्या चालीने पळत राहिलो. सोळाव्या किलोमीटरला तो पोटरी धरून फुटपाथवर बसलेला दिसला. मला आनंद झाला, हे कबूल करतो. माझ्याजवळचं पाणी त्याला दिलं आणि पुढे निघालो. त्यानंतर मी माणसं मोजायचं सोडून दिलं, इतके जण मागे पडत गेले.

शेवटच्या रेषेपलीकडे आप्पा उभे होते. मी सवयीने पाय पुढे केला. ते वाकलेच नाहीत.

"आज पाय नाय बघायचा," ते म्हणाले. "आज तोंड बघू द्या."

माझे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. अंगात अजून चार किलोमीटर शिल्लक होते. ते मी तसेच ठेवले.